इंजिन चालू असताना

किल्ली फिरवली की गाडी नुसतं टक-टक-टक करायची, थंडीत दात वाजावेत तशी, आणि गप्प व्हायची. मास्तरांच्या सुनेने पुन्हा एकदा फिरवून पाहिली. मग कपाळ स्टीअरिंगवर टेकवून ती जरा वेळ तशीच बसली.

"परत का गं?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासूबाईंनी विचारलं.

"परत."

शहराबाहेरच्या इस्पितळात ती एक्स-रे काढायची. सकाळची पाळी तिची, आणि सकाळचे पेशंट म्हणजे रात्रभर हात-पाय मोडून वाट बघत बसलेले. तिने साहेबांना फोन लावला. बसने येते, उशीर होईल, असं सांगितलं. पलीकडून साहेब म्हणाले, "बाई, तुमची गाडी आणि तुम्ही, दोघींनी बसून एकदा काय ते ठरवून टाका."

मास्तर पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर होते. त्यांनी हे सगळं ऐकलं आणि पायाने मशीन जोरात चालवलं. मास्तर म्हणजे शिंपी. शाळेशी त्यांचा संबंध फक्त गणवेशांपुरता. पण कात्री हातात धरणाऱ्याला लोक मास्तरच म्हणतात, आणि त्या गल्लीतल्या निम्म्या पँटी त्यांच्या हातून गेल्या होत्या.

गाडी त्यांच्या मुलाची. गेल्या वर्षी ऑफिसात बोलता बोलता त्याचं डोकं दुखायला लागलं. खुर्चीवर बसला तो उठलाच नाही. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, डॉक्टर म्हणाले. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मूलबाळ नव्हतं. सुनेचा भाऊ तिला न्यायला आला तेव्हा ती "बघू" म्हणाली, आणि बघता बघता वर्ष उलटलं. गाडी तिच्या नावावर झाली. चालवायला तिला त्यानेच शिकवलं होतं, ह्याच गाडीत, ओरडून ओरडून.

त्या संध्याकाळी तिने कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला गाठलं. त्याला सगळे गॉगल म्हणायचे. गडी डोळ्यांवर जाड पारदर्शक चष्मा चढवल्याशिवाय कोणाच्याही गाडीचं बॉनेट उघडत नसे. त्याने बॅटरी काढून दुकानात नेली, सावकाश चार्ज केली, आणि तिच्या सुट्टीच्या दिवशी पिशवीत मीटर घालून पत्र्याच्या शेडमध्ये हजर झाला.

"बॅटरी चांगली आहे," बॅटरी जागेवर बसवत तो म्हणाला. "आता बघू, गाडी तिला भरते की उपाशी ठेवते. हँडब्रेक ओढा. गिअर न्यूट्रलला. शेडचं दार सताड उघडं ठेवा. ताई, ओढणी आत ठेवून या. इंजिनच्या फिरत्या पट्ट्यात टोक अडकलं तर आधी ओढणी जाते, मग मान. अंगठी पण काढा. मास्तर, तुमचं घड्याळ."

"माझं घड्याळ तुझं काय घोडं मारतंय?" मास्तर म्हणाले. ते हात मागे बांधून बघायला आले होते.

"माझं काही नाही. पण तो लोखंडी पट्टा एका अंगाने प्लसला आणि दुसऱ्या अंगाने गाडीच्या बॉडीला टेकला ना, की मनगटावर कायमचं घड्याळ उमटतं. चावी द्यायला नको की काही नको."

मास्तरांनी घड्याळ काढून खिशात टाकलं.

"आणि हा चष्मा कशाला?" सुनेने विचारलं.

"माझे उस्ताद बिडी ओढत बॅटरीवर वाकायचे. बॅटरीतून गॅस निघतो ताई, दिसत नाही. एकदाच भडका उडाला. त्यानंतर मी दुकानात शिरलो की ते विचारायचे, कोण आहे रे." त्याने मीटरची लाल वायर प्लसला लावली, काळी मायनसला. "हं. बारा पॉइंट सहा व्होल्ट. पोट भरलेलं आहे. आता स्टार्ट करा."

गाडी एका हाकेत सुरू झाली. गॉगलने मीटरच्या वायरी हाताने बाजूला धरल्या, इंजिनच्या पंख्यापासून लांब. तो पंखा आपल्या मनाने कधीही फिरतो, म्हणाला, त्याला बोट आणि वायर सारखीच.

"आमचा मुलगा वेगळं करायचा," मास्तर अचानक बोलले. "इंजिन चालू ठेवायचं आणि बॅटरीची वायर काढायची. गाडी चालू राहिली तर डायनामो ठीक. बंद पडली तर गेला."

सुनेने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. घरात त्याचा विषय कितीतरी दिवसांत कोणी काढला नव्हता.

"जुन्या गाड्यांत खपून जायचं ते," गॉगल म्हणाला. "तेव्हाही धोक्याचंच. ठिणगी उडते. आणि ह्या गाडीत तर ठिकठिकाणी कॉम्प्युटर बसलेत. चालू इंजिनात वायर काढली की करंट उसळतो, आणि सगळं जळतं. त्याच्या नशिबाने निभावलं असेल."

नशिबाने, हा शब्द बोलून गेल्यावर त्याची त्यालाच जीभ चावावीशी वाटली असावी. तो घाईघाईने मीटरवर वाकला. "चौदा पॉइंट दोन. वा. आता मोठे दिवे लावा, आतला पंखा फुल करा, मागची काच गरम करायचं बटण दाबा. सगळं एकदम. थोडं ॲक्सिलरेटर द्या. बघा, तेरा पॉइंट नऊ. खाली येत नाही. अल्टरनेटर, म्हणजे तुमचा डायनामो, अगदी ठणठणीत आहे."

"मग बॅटरी उतरते का?"

"कुठेतरी गळती असेल. ते बघू."

त्याने इंजिन बंद करायला लावलं, दारं लावून घेतली, किल्ली तिच्याकडून घेऊन लांब ठेवली. मग बॅटरीची मायनस वायर सोडवली आणि मध्ये मीटर जोडला. आता गाडीला झोपू द्यायचं, तो म्हणाला. दार उघडायचं नाही, किल्ली फिरवायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. गाडी लगेच झोपत नाही, आतले कॉम्प्युटर एकेक करून डोळे मिटतात. तिघं शेडमध्ये उलट्या डब्यांवर बसून राहिले. सासूबाईंनी खिडकीतून चहा दिला. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे सगळे हळू आवाजात बोलत होते.

शेवटी मीटरवरचा आकडा उतरत उतरत अगदी बारीक झाला आणि तिथेच थांबला.

"गाडीत दोष नाही," गॉगल म्हणाला. "एवढंसं तर प्रत्येक गाडी घेते, घड्याळ चालवायला. ताई, कोणीतरी हिला इंजिन बंद ठेवून वापरतंय. रेडिओ, पंखा. रेडिओचं एक वेळ चालेल, पण पंखा म्हणजे राक्षस आहे. रोज तासभर लावला तर चार दिवसांत बॅटरी आडवी."

"पण मी नाही लावत."

"किल्ल्या किती आहेत?"

"एक माझ्याकडे. दुसरी ह्यांची..." ती थांबली. "दुसरी कपाटात असेल."

दुसरी किल्ली कपाटात नव्हती. ती मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात होती, आता काढलेल्या घड्याळाला लागून. मास्तरांना ती एकदम जड वाटायला लागली. गेले कित्येक महिने दुपारचं जेवण झालं, पाळीवरून आलेली सून तिच्या खोलीत झोपली, बायको आत आडवी झाली, की ते मागच्या दाराने ह्या शेडमध्ये येत होते. मुलगा गेल्यावर बायकोचं ब्लडप्रेशर असं काही वाढलं होतं की डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन बजावलं होतं, ह्यांच्यासमोर रडारड नको. मास्तरांनी ते अक्षरशः पाळलं. घर लहान. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक, आतल्या खोलीत बायको. माणसाने रडायचं कुठे? मग एका दुपारी त्यांना ही जागा सापडली. काचा बंद करायच्या, किल्ली एक खटका फिरवायची, पंखा मोठा करायचा, रेडिओ लावायचा, आणि मुलाच्या सीटवर बसून घ्यायचं. पोटभर रडून झालं की तोंड पुसून पुन्हा मशीनवर. इंजिन तर बंदच असतं, मग खर्च कसला होणार, असंच ते धरून चालले होते. आपल्या रडण्यापायी ही पोरगी सकाळी बसच्या रांगेत उभी राहते, हे त्यांना त्या क्षणी, त्या डब्यावर बसल्या बसल्या कळलं.

त्यांचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. गॉगलने ते पाहिलं असेल किंवा नसेल. तो मीटर गुंडाळत होता.

"इंजिन चालू असताना काय हवं ते लावा," बॉनेटकडे बघत तो म्हणाला. "अल्टरनेटर भरत राहतो. बंद असताना घेतलेलं मात्र बॅटरीच्याच अंगावर. पण ह्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवून कोणी बसू नका हं. धूर कोंडतो, आणि माणूस झोपेतच जातो. लांब चक्कर मारा आठवड्यातून एखादी. तेच तिचं औषध."

मास्तरांनी त्याच दिवशी किल्ली गुपचूप कपाटात ठेवली. गाडी रोज सकाळी एका हाकेत सुरू व्हायला लागली. आणि मास्तर बिघडले.

दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या कापल्या. समोरच्या दुकानदाराशी एका बाकड्यावरून कडाक्याचं भांडण केलं. एका दुपारी न्हाणीघरात नळ सोडून बसले, तर सासूबाईंनी दार वाजवलं, "अहो, टाकी रिकामी करताय की काय?" ते ओल्या तोंडाने बाहेर आले आणि मशीनवर बसले.

सुनेच्या लक्षात यायला थोडे दिवस लागले. आधी तिला रोज सकाळी सीट पुढे ओढावी लागायची, आरसा नीट करावा लागायचा. आपणच संध्याकाळी काहीतरी करत असू, असं तिला वाटायचं. आता सीट आदल्या दिवशी ठेवली तशीच सापडत होती. आणि दोरे. पूर्वी सीटवर पांढरे, निळे, खाकी दोऱ्यांचे तुकडे असायचे, ती रोज वेचून टाकायची. आता सीट स्वच्छ होती. एका सकाळी इंजिन सुरू करून, गिअर टाकायच्या आधी, तिला एकदम सगळं कळलं. ती तशीच बसून राहिली आणि त्या दिवशी गाडी चालू असूनही तिला उशीर झाला.

सुट्टीच्या दुपारी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, चला."

"कुठे?"

"गाडीला लांब चक्कर हवी असं तो म्हणालाय ना. एकटीला कंटाळा येतो."

"मला कपडे द्यायचेत उद्या."

"जा हो," सासूबाई आतून म्हणाल्या. "मी पडते जरा."

शहर संपलं, रस्ता रुंद झाला, दोन्ही बाजूंना मोकळी माळरानं लागली. तिने काचा वर केल्या. पंखा फुल केला. रेडिओ लावला, कोणीतरी पिकांवरच्या किडीबद्दल माहिती देत होतं. तिने आवाज वाढवला.

"एवढा मोठा कशाला?" मास्तर म्हणाले.

"इंजिन चालू आहे, बाबा," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "आता काही उतरत नाही."

 मास्तर आपल्या बाजूच्या काचेतून बाहेर बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी आवाज नव्हता. नंतर मात्र म्हातारा माणूस रडतो तसे ते रडले, खोकल्यासारखे, मध्येच श्वास अडकून, गुडघ्यांवर दोन्ही तळवे घट्ट दाबून. रेडिओवरचा माणूस कीटकनाशकाचं प्रमाण सांगत होता. सुनेने एकदाही त्यांच्याकडे मान वळवली नाही. तिचा वेग तोच राहिला.

परतीच्या वाटेवर त्यांनी रुमालाने नाक पुसलं. "तुला कसं कळलं, ते नाही विचारत," ते म्हणाले. "तुला उशीर व्हायचा माझ्यामुळे."

"झाला थोडा."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू कुठे रडतेस, पोरी?"

ती म्हणाली, "अंधाऱ्या खोलीत. एक्स-रे काढताना पेशंटला म्हणायचं, श्वास रोखून धरा, हलू नका. आणि आपण काचेमागे. आता नाही बाबा, आता मी चालवतेय. दोघांपैकी एकाने रस्ता बघायला हवा."

त्यानंतर दर सुट्टीला ते जाऊ लागले. नेहमीच रडणं झालं असं नाही. कधी मास्तर मुलाच्या लहानपणच्या गोष्टी सांगायचे, कधी ती सांगायची की क्लच सोडताना चुकलं की तो कसा डोक्याला हात लावायचा. कधी दोघं नुसतेच बसायचे. उन्हाळा गेला, पाऊस गेला. मास्तरांच्या बाह्या पुन्हा आपापल्या बाजूच्या झाल्या.

मग सुनेच्या भावाचा फोन आला, आणि तो नेमका मास्तरांनी उचलला. तिच्या माहेरच्या शहरात एका नव्या इस्पितळात जागा होती. अख्खा विभाग तिच्या हाताखाली. तिने नकार कळवला होता. घरात कोणाला सांगितलंही नव्हतं.

त्या आठवड्यात गाडी माळरानाला लागल्यावर मास्तरांनी स्वतःच रेडिओ बंद केला.

"तू जायचंस," ते म्हणाले.

"बाबा, मला इथे काही कमी आहे का?"

"तुला कमी नाही. म्हणूनच म्हणतो. आमच्यापायी तू थांबलीस. आम्ही तुला थांबू दिलं, कारण तू घरात असलीस की वाटतं तो आत्ता मागून येईल. पण तो येणार नाहीये, बाळा. आणि तू काही आमची बॅटरी नाहीस, आम्ही उतरवत राहायला."

तिने इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. मग ती स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडली. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. शिवणाच्या सुया टोचून टोचून निबर झालेला हात, तिच्या केसांत अडकत होता. पाठीमागून गाड्या सूं सूं जात होत्या. किती वेळ गेला कोणास ठाऊक. शेवटी त्यांनीच तिला उठवलं.

जाण्याच्या दिवशी सकाळी गॉगल आला. लांबचा प्रवास, एकटी बाई, एकदा बघून घेतो म्हणाला. त्याने वायरी लावल्या, इंजिन सुरू करायला लावलं आणि मीटर मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला. "चौदा पॉइंट एक," ते म्हणाले, आणि मीटर परत दिला. गॉगलने बॉनेट खाली घेतलं. सासूबाईंनी सुनेला जवळ घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, सोडायचं आहे हे विसरून गेल्यासारख्या. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली, वळली आणि दिसेनाशी झाली.

दुपारी जेवणं झाली. पानं दोनच होती, आवरायलाही काही नव्हतं. सासूबाई आत आडव्या झाल्या. मास्तर सवयीने मागच्या दाराने शेडमध्ये गेले. जमिनीवर तेलाचा एक काळा डाग होता, आणि भिंतीपाशी ते उलटे डबे. ते थोडा वेळ उभे राहिले आणि परत फिरले.

आतल्या खोलीत बायको झोपलेली नव्हती. पलंगाच्या काठावर बसली होती.

"आता कुठे जाणार तुम्ही?" तिने विचारलं.

मास्तर दारातच थबकले. "म्हणजे?"

"स्वयंपाकघराला खिडकी आहे हो आपल्या."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही बाहेर गेलात की मलाही तेवढाच वेळ मिळायचा." तिने बाजूची चादर हाताने सारखी केली. "डॉक्टरांनी मलाही सांगितलं होतं, मास्तरांसमोर धीर धरा म्हणून. बसा."

ते बसले. दोघांनाही काय करावं सुचेना. इतके दिवस एकेकट्याने करायची गोष्ट, ती दोघांत कशी सुरू करतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"त्याचा तो पहिला शर्ट आठवतो?" मास्तर शेवटी म्हणाले. "मी शिवलेला. निळा."

"हिरवा होता."

"निळा गं. माझ्या हाताने कापलाय मी."

"हिरवा," ती म्हणाली. "मी धुवायचे ना तो. रंग जायचा त्याचा, माझे हात हिरवे..." आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

मास्तर तिची गोळी आणायला घाईने उठू लागले. तिने त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं, आणि तो सोडला नाही.